सकाळी येऊन गेलेली माणसं

१

जहाजावर तिला सगळे ताई म्हणायचे. कप्तानसुद्धा, आणि तो तिच्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा होता. आरमाराच्या जहाजावर बिनवर्दीचं एकच माणूस असलं की त्याला कुठल्या पदानं हाक मारायची असा प्रश्न पडतो, आणि मग असं घरचं काहीतरी चिकटून जातं.

ती दुभाषी होती. समुद्राच्या त्या पट्ट्यात बऱ्याच देशांची आरमारं मिळून गस्त घालायची. प्रत्येकाला आपापला चौकोन वाटून दिलेला. चाच्यांनी मालवाहू जहाजं पळवू नयेत, मच्छिमारांच्या आडून कुणी हत्यारं आणि स्फोटकं नेऊ नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पण मासेमारीची बोट आणि चाच्यांची बोट लांबून सारखीच दिसते. फरक कळतो तो बोलल्यावर. त्या किनाऱ्याची भाषा अख्ख्या जहाजावर एकट्या ताईला येत होती, कारण तिचं लहानपण तिथल्या बंदरात गेलं होतं. वडील तिथं क्रेन चालवायचे.

न्याहारी उरकली की ती ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत जाई, रेडिओवाल्याशेजारच्या उंच स्टुलावर बसे, आणि कुठं बोट दिसली की माइक हातात घेई. कुठून आलात, कुठं निघालात, किती जण आहात, मासळी कशी आहे. शेवटचा प्रश्न नियमात नव्हता, पण त्यानं माणसं मोकळी व्हायची. तिचे उच्चार शहरी, बंदरातले. मच्छिमारांना त्याची गंमत वाटे. एकानं तर विचारलंही होतं, की बाई, तू पुस्तकात बघून बोलतेस का. फोनवर आईला ती सांगे, काम बसून बोलण्याचं आहे. त्यामुळे आईची समजूत अशी, की लेक कुठल्याशा कार्यालयात फोन घेते. ती समजूत ताईनं कधी मोडली नाही.

रेडिओवाल्याला सगळे पोपट म्हणत. ऐकलेलं वाक्य परत म्हणून खात्री करायची हा त्याच्या कामाचा नियमच, पण जेवणाच्या टेबलावरही त्याला ते सुटत नसे. मीठ दे म्हटलं की आधी "मीठ दे" म्हणणार, मग देणार.

आणि तिसरा मास्तर, तपासणी पथकाचा प्रमुख. हे पथक संशयित बोटीवर चढायचं, आणि तपासून झालेल्या प्रत्येक झाकणावर, कप्प्यावर खडूनं बरोबरची खूण करायचं, म्हणजे एकच जागा दोनदा उपसायला नको. खडू नेहमी याच्या खिशात, म्हणून हा मास्तर. त्याची खूण शंभरात ओळखू यावी अशी होती. शेपूट लांब ओढलेली, आणि टोकाला जराशी खाली वळवलेली.

२

त्या दिवशी वारा अगदीच पडला होता. पाणी हलत होतं की नाही तेही कळू नये इतकं सपाट. न्याहारीनंतर जेवणापर्यंत एकही बोट दिसली नाही. पोपट आणि ताई शेजारीशेजारी बसून नुसते कंटाळले.

जेवण झाल्यावर एक दिसली. लाकडी, जुनी, निळा रंग पोपडे धरलेली. इंजिन बंद, जाळी बाहेर नाहीत. मासे धरत नव्हती आणि कुठं जातही नव्हती. ताईनं माइक घेतला आणि कुठून आलात ते विचारलं.

उत्तर यायला बराच वेळ लागला. मग एक तरुण आवाज म्हणाला, "पुन्हा?"

ताईनं ते पोपटाला सांगितलं. "पुन्हा," पोपट म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला.

तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. शेजारच्या चौकोनातलं दुसऱ्या देशाचं एखादं जहाज सकाळी यांना थांबवून गेलं असेल. बिचाऱ्यांचा अर्धा दिवस असाच जात असणार. तसं तिनं विचारलंही. पलीकडून श्वास ऐकू आला, मग खट्ट असा आवाज, आणि मग काहीच नाही. रेडिओच बंद केला होता.

कप्तानाचा नियम साधा होता. उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, आणि रेडिओ बंद करणाऱ्याला भेटून यायचं. थोड्याच वेळात मास्तर, त्याचे दोन जवान आणि केशरी लाइफ जॅकेट घातलेली ताई रबरी बोटीतून निघाले.

असं कुणी आलं की मच्छिमार एक तर घाबरतात, नाहीतर अतिउत्साहानं दोर फेकतात. हे दोन्ही करत नव्हते. चार-पाच जण कठड्याशी उभे होते आणि दोरीची शिडी वर ओढून घेतलेली होती. मधला तरुण हाताची घडी घालून खाली बघत होता. मास्तरनं ताईला सांगितलं, शिडी सोडायला सांगा, पण गोडीनं. तिनं सांगितलं. तरुणानं तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ पाहिलं की तिनं नकळत गालावरून हात फिरवला, काही लागलंय की काय म्हणून.

शेवटी शिडी खाली आली. वर चढताना हात मात्र कुणी दिला नाही.

३

डेकवर मासळीचा आणि डिझेलचा वास होता. आडोशाला एक चटई अंथरलेली होती. तिच्यावर उशी, पाण्याचं भांडं, कुणी आजारी असलं की असतो तसा पसारा. चटई रिकामी होती.

तरुणानं सरळ तिलाच विचारलं, "माझे वडील कसे आहेत?"

ताईनं ते मास्तरला सांगितलं. मास्तर म्हणाला, मला काय ठाऊक. या उत्तराचं भाषांतर न करता तिनं मास्तरला जरा सावकाश घ्या अशी खूण केली, आणि तरुणाला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

त्याचं म्हणणं असं. त्याचा बाप या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमानं चालते. त्याला ताप भरला होता, बरळत होता. सकाळी आरमाराची माणसं आली, बोट तपासली, म्हाताऱ्याला पाहिलं आणि म्हणाली की आमच्या जहाजावर डॉक्टर आहे, घेऊन जातो आणि दुपारी परत आणून सोडतो. उचलून अगदी हळुवार नेलं. आता दुपार झाली होती.

मास्तरला हे पटण्यासारखं होतं. असं होतं कधीकधी. त्यानं विचारायला सांगितलं, कुठल्या देशाची माणसं, वर्दी कसली, झेंडा कुठला. ताईनं विचारलं. तरुणानं मास्तरच्या छातीकडे बोट केलं.

"हाच," तो म्हणाला.

इथं ताईला वाटलं की घोळ तिच्याकडूनच होतोय. आपण नाही का, अजून घरातून पाय बाहेर टाकलेला नसतो आणि 'आलोच' म्हणून मोकळे होतो? ऐकणाऱ्याला भाषा नीट येत नसेल तर तो दार उघडून उभा राहील. त्या किनाऱ्याच्या भाषेतही क्रियापदांच्या अशा खोड्या होत्या. 'तुम्ही आलात' आणि 'तुम्ही येणारच होतात' यात तिथं एका स्वराचा फरक. तिनं हे मास्तरला समजावलं. मास्तरचा चेहरा जरा सैल झाला. मग तिनं लहान मुलाला विचारावं तसं, एकेक शब्द सुटा करून विचारलं. आज. सकाळी. या माणसाला. तू. डोळ्यांनी पाहिलंस?

"त्याला पाहिलं," तरुण म्हणाला. "आणि तुला. बोलत होतीस ती तूच. फक्त सकाळी आमच्या गावच्या बायकांसारखं बोलत होतीस. आता बंदरातल्यासारखं का बोलतेस?"

बाकीचे मच्छिमार मान हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तर एक प्रकारचा अवघडलेपणा होता. ओळखीच्या माणसानं ओळख दाखवली नाही की येतो तसा.

ताईनं हेही मास्तरला सांगितलं, हसल्यासारखं करून. मास्तर हसला नाही. तेवढ्यात तरुण एक पाऊल पुढं आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जाताना तू मला बाजूला घेतलंस. म्हणालीस, दुपारी आम्ही परत आलो तर आम्हाला वर घेऊ नकोस. शिडी मी फक्त बापासाठी सोडली."

"काय म्हणतो?" मास्तरनं विचारलं.

ताईच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण ते बाहेर काढलं तर खरं होईल असं काहीतरी तिला वाटलं. ती म्हणाली, "बापाची काळजी वाटते म्हणतो."

४

बोट तपासणं भाग होतं. मास्तर कोठारात उतरला. ताईचं तिथं काम नव्हतं, पण डेकवर त्या नजरांमध्ये उभं राहणं तिला नको झालं होतं, म्हणून तीही मागोमाग शिडीवरून खाली गेली.

आत बर्फ ठेवायचे कप्पे होते, दोन्ही बाजूंना, मध्ये वाकून चालण्याइतकी वाट. छत इतकं खाली की मास्तरला मान तिरकी धरावी लागत होती. बर्फ विरघळून कुठंतरी थेंब पडत होता. मास्तरनं टॉर्च पहिल्या झाकणावर धरला आणि खिशातून खडू काढला.

झाकणावर खूण होती.

शेपूट लांब ओढलेली, टोकाला खाली वळवलेली. दुसऱ्यावर होती, तिसऱ्यावरही. मास्तरनं एकीवर बोट फिरवलं. खडू पुसला जाऊन बोटाला लागला. कोरडा होता. त्या दमट जागेत जुना खडू असा कोरडा राहिला नसता हे दोघांनाही एकदमच कळलं असावं. मग मास्तरनं एक चमत्कारिक गोष्ट केली. जुन्या खुणेच्या शेजारी त्यानं स्वतःची खूण काढली आणि दोन्हींवर टॉर्च धरून बघत राहिला, सहीची खातरजमा करणाऱ्या बँकेतल्या माणसासारखा.

"कोणीही काढेल अशी," तो म्हणाला. "शाळेत गेलेला कोणीही."

त्यानं कप्पे उघडून पाहिले. मासळी, बर्फ, गोणपाटं. शेवटच्या कप्प्याचं झाकण उचललं तेव्हा ते आतल्या बाजूनं दिसलं. खूण आतल्या बाजूला होती. मास्तरनं झाकण हळूच परत ठेवलं. खडू खिशात टाकायला गेला तो त्याला खिसाच सापडेना. दोन-तीनदा हात मांडीवरच घासत राहिला.

वर आल्यावर त्यानं तरुणाला सांगायला सांगितलं की इथंच थांबा, लांब जाऊ नका, आम्ही चौकशी करून कळवतो. तरुण म्हणाला, थांबणारच, बाप आल्याशिवाय जाणार कुठं.

५

चौकशी केली. पोपटानं शेजारच्या सगळ्या जहाजांना विचारलं. इंग्रजी, पण प्रत्येकाची आपापल्या वळणाची. कुणी तोंडात गोळी ठेवल्यासारखं बोले, कुणी गाणं म्हटल्यासारखं. सगळ्यांचं उत्तर एकच, की त्या बाजूला आमच्यापैकी कुणी गेलंच नाही. मग त्यानं किनाऱ्यावरच्या समन्वय केंद्राला विचारलं. सगळ्या आरमारांच्या हालचाली तिथं एकत्र होत. तिथला माणूस गोंधळला. म्हणाला, तुम्ही आम्हालाच काय विचारता, सकाळी तुम्हीच तर कळवलंत, एक आजारी मच्छिमार घेतला म्हणून.

"एक आजारी मच्छिमार घेतला म्हणून," पोपट म्हणाला, आणि मग स्वतःच भानावर येऊन विचारलं, कोण बोललं होतं. केंद्रातला माणूस म्हणाला, बाईमाणूस होतं.

पोपटानं हेडफोन काढून ठेवला. ताई सकाळभर त्याच्या शेजारी त्या स्टुलावर होती. फारतर एकदा तोंड धुवायला गेली असेल. त्यानं तसं कप्तानाला छातीठोकपणे सांगितलं.

कप्तान डोक्यानं थंड माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत उलगडा केला. चाचे. आरमाराच्या वर्द्या शिवून घ्यायच्या, भाषा येणारी एखादी बाई बरोबर घ्यायची, आणि गस्तीच्या नावाखाली बोटींवर चढायचं. म्हाताऱ्याला ओलीस नेलं असणार. खडूचं काय, आपल्या पथकाला काम करताना शेकडो मच्छिमारांनी पाहिलंय. आणि त्या पोराला मास्तरचा चेहरा ओळखीचा वाटला तर त्यात नवल नाही, वर्दी आणि हेल्मेट घातलं की सगळे भाऊ-भाऊ दिसतात.

इतकं बिनचूक होतं हे की ताईला डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं. सगळ्या जहाजांना इशारा गेला. मास्तर तर हसून म्हणाला, त्या चोरानं माझी खूण गिरवायला किती दिवस घालवले असतील. तरुणाचं ते शेवटचं वाक्य सांगावं असं ताईच्या मनात आलं. पण चाचे असं का म्हणतील, याचा तिला मेळ बसेना. मेळ बसला की सांगू, असं तिनं ठरवलं.

६

तिची खोली दवाखान्याला लागून होती. मधली भिंत पत्र्याची. पलीकडे डॉक्टरनं बाटली ठेवली तरी इकडे कळायचं. जॅकेट उतरवून ती जरा पडायला म्हणून आली, तर दवाखान्याच्या दारातून डॉक्टरनंच हाक मारली. हा मध्यमवयीन, गप्पिष्ट माणूस. जहाजावर कुणी आजारीच पडत नाही अशी त्याची कायमची तक्रार.

त्यानं विचारलं, पेशंट कुठाय. ताई म्हणाली, कुठला पेशंट.

"अहो, सकाळी तुम्हीच नाही का दारातून डोकावून सांगितलंत, तापाचा म्हातारा आणतोय, खाट तयार ठेवा म्हणून?" डॉक्टर म्हणाला. "मी आपला तेव्हापासून नटूनथटून बसलोय."

ताईनं विचारलं, मी काय घातलं होतं. डॉक्टरनं तिच्या हातातल्या जॅकेटकडे बोट केलं. मग म्हणाला, हेच. केशरी जॅकेट. ओलं होतं, म्हणून तर मी लादीकडे पाहिलं.

ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. चाचे जहाजावर येऊ शकत नाहीत. एवढं एक वाक्य ती मनात फिरवत राहिली. पंख्याची घरघर, खालून इंजिनाची थरथर, पत्र्याच्या भिंतीत कुठंतरी सैल झालेला स्क्रू. रोजचे आवाज. त्यांत एक खोकला आला.

म्हाताऱ्या माणसाचा खोकला, छातीतून खरवडून येणारा. भिंतीच्या पलीकडून. मग थकलेला आवाज, त्या किनाऱ्याच्या भाषेत. किनारा दिसतो का, असं तो विचारत होता. आणि एक बाईचा आवाज हलकेच काहीतरी म्हणाला. शब्द कळले नाहीत, पण चाल कळली. गावाकडच्या बायका पोराला थोपटताना बोलतात ती चाल.

ताई धावत दवाखान्यात गेली. डॉक्टर आपल्या टेबलाशी बसून नखं कापत होता. तो म्हणाला, काय हो, खोकला झालाय का तुम्हाला? आत्ता तुमच्याच खोलीतून ऐकू आला.

खाट रिकामी होती. चादर ताणून घातलेली, उशीला सुरकुती नाही. फक्त पायथ्याशी घडी करून ठेवलेलं राखाडी पांघरूण नव्हतं. डॉक्टरनं खाली वाकून पाहिलं, कपाट पाहिलं. मग आपणच कुठं ठेवलं असेल असं पुटपुटत डोकं खाजवू लागला.

७

आता मात्र तिनं सगळं सांगितलं. कप्तानाच्या खोलीत, मास्तरसमोर, तरुणाच्या त्या वाक्यासकट. मास्तरनं एवढंच विचारलं की तेव्हाच का नाही सांगितलंत. ती म्हणाली, मला भीती वाटली. 

कप्तानानं अख्खं जहाज धुंडाळायला लावलं. इंजिनरूमपासून कोठीघरापर्यंत. कुणी सापडलं नाही. मग त्याचा थंडपणा जरा ढळला. टेबलाच्या कडेवर अंगठा घासत तो म्हणाला की मला यातलं काहीही कळत नाही, आणि कळत नसताना करण्यासारखं एकच काम उरतं. त्या पोराला निदान सांगून तरी या की तुझा बाप आमच्याकडे नाही.

उन्हं कलली होती. निळी बोट होती तिथंच होती. या खेपेला शिडी आधीच खाली सोडलेली, आणि तरुणानं स्वतः हात देऊन ताईला वर घेतलं. तो हसत होता. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

चटईवर एक म्हातारा बसला होता, राखाडी पांघरूण गुंडाळून. पांघरुणाच्या कोपऱ्यावर त्यांच्या जहाजाचं चिन्ह शिवलेलं होतं.

तरुण आभार मानत होता. मघाशी घाईत म्हणायचं राहून गेलं, बापाला वर घेण्याच्या गडबडीत होतो, असं म्हणत होता. ताईनं विचारलं, मघाशी म्हणजे कधी. तो म्हणाला, आत्ता, तुम्ही बापाला सोडून गेलात आणि लगेच वळलात ना.

समुद्रावर नजर पोचेल तिथवर एकच जहाज होतं, त्यांचं. त्या जहाजाच्या आणि या बोटीच्या मधून दुसरी रबरी बोट आली-गेली असती तर ती त्यांना दिसली नसती हे शक्य नव्हतं. मास्तर ते शक्य नसलेलं पाणी टाचा उंचावून बघत होता.

ताई म्हाताऱ्याशेजारी बसली. त्याचा ताप उतरला होता. तिनं विचारलं, बाबा, तुम्ही कुठं होतात. तो म्हणाला, तुमच्या जहाजावर. स्वच्छ खोली होती. बाई उशाशी बसून होती, सगळा वेळ. औषध दिलं, पाणी दिलं. माणसं चांगली होती.

"मग तुम्ही माझ्याकडे असं का बघताय?"

म्हाताऱ्यानं पांघरूण गळ्यापाशी घट्ट ओढलं. "तिथं आवाज नव्हता, पोरी," तो म्हणाला. "इंजिन नाही, पाणी नाही. माणसं येत-जात होती, पण पाऊल वाजत नव्हतं. मला वाटलं तापानं कान गेले. मग मी खोकलो, तर खोकला ऐकू आला. तेवढाच."

ती बाई काही म्हणाली का, असं ताईनं विचारलं. म्हाताऱ्यानं पांघरुणावरचं चिन्ह बोटानं चाचपलं. मग म्हणाला, निघताना रडली. म्हणाली, आमची ड्यूटी संपली, आता त्यांची.

"काय म्हणतो?" मास्तरनं मागून विचारलं.

तिनं सांगितलं. शब्दाला शब्द.

८

रबरी बोट निळी बोट आणि जहाज यांच्या मधोमध आली तेव्हा मास्तरनं हातातल्या रेडिओवर जहाजाला कळवलं की पथक परत येतंय.

उत्तर लगेच आलं नाही. आणि आलं तेव्हा पोपटानं वाक्य परत म्हटलं नाही. त्यानं विचारलं, "कोण बोलतंय?"

मास्तरनं सांगितलं.

"मास्तर आत्ताच इथून खाली गेला," पोपटाचा आवाज म्हणाला. "पथक मघाशीच वर आलं. ताईपण. तुम्ही कोण?"

एक जवान हसायला लागला आणि मध्येच थांबला. मास्तरनं इंजिन बंद केलं. बोट डुलत राहिली. मागं बघितलं तर निळ्या बोटीनं शिडी वर घेतली होती आणि तिच्या चिमणीतून धूर येत होता. ती निघाली होती. पुढं जहाज उभं होतं, नेहमीचं, राखाडी, खिडक्यांवर तिरपं ऊन घेऊन. मास्तरनं ताईकडे पाहिलं. असं त्यानं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, ओळख पटवून घेतल्यासारखं. तिनंही त्याच्याकडे तसंच पाहिलं असणार.

"जायचं?" त्यानं विचारलं.

"दुसरीकडे कुठं जाणार?" ती म्हणाली.

जवळ गेल्यावर इंजिनाची घरघर ऐकू आली, पाणी पत्र्यावर आपटत होतं, वर कुणीतरी शिटी वाजवत होतं. ताईला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं वर पाहिलं. रबरी बोटी टांगायच्या दोन जागा होत्या. त्यातली एक या फेरीत रिकामी होती, कारण तिथली बोट दुरुस्तीला बंदरातच राहिली होती. दुसरी यांच्या बोटीची. यांच्या बोटीच्या जागी एक बोट टांगलेली होती. तिच्यातून पाणी गळत होतं.

डेकवरच्या खलाशानं दोर खाली सोडला. काहीच विशेष नसल्यासारखा म्हणाला, "काय मास्तर, काही राहिलं का?"

मास्तरनं दोर बोटीच्या कडीत अडकवला. खलाशानं त्यांची बोट वर ओढली आणि रिकाम्या जागी टांगून टाकली. दोन्ही जागा भरल्या. तो कापडाला हात पुसत निघून गेला. मास्तर आपल्या खोलीकडे चालू लागला, आधी भराभर, मग सावकाश, आणि कोपऱ्यावर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

ताई ब्रिजवर गेली नाही. पोपटाला काही विचारलं नाही. ती खाली उतरली, दवाखान्यावरून गेली. डॉक्टरनं आतून हात केला, कुणी घडीभरापूर्वीच भेटलेल्या माणसाला करतो तसा. तिच्या दाराशेजारी एक खुंटी होती. खुंटीवर केशरी जॅकेट लटकत होतं आणि लादीवर थेंब पडत होते. तिनं आपल्या अंगावरच्या जॅकेटचा पट्टा चाचपला. तो होता.

दाराच्या फटीतून उजेड येत होता. रोज ती हे दार खांद्यानं ढकलून आत जायची. आज तिनं हात वर केला आणि दोनदा टकटक केली, परक्याच्या दारावर करावी तशी. मग मागं सरकून उभी राहिली. आतून कुणी 'या' म्हटलं तर काय करायचं, ते तिनं ठरवलेलं नव्हतं.